पगार किती ते सांगू नका, उरतो किती ते सांगा



आपल्या वस्त्यांमधून आता डी.एड., बी.एड. झालेली मुले-मुली घरोघरी आहेत. आईने मासळीची पाटी वाहून, बापाने आंब्याच्या बागेत मजुरी करून शिकवलेली ही पोरे. ती आज एक प्रश्न विचारतात. परदेशात शिक्षकाची नोकरी आहे अशी जाहिरात आली आहे. कुणी म्हणते दुबई, कुणी म्हणते मस्कत, आणि अलीकडे कुणी म्हणते चीनमध्ये इंग्रजी शिकवायला माणसे हवीत. पगाराचा आकडा लाखाच्या घरात सांगतात. जावे की न जावे?

जा किंवा जाऊ नका, असे परस्पर उत्तर आम्ही देणार नाही. प्रत्येक घराची अडचण वेगळी असते. पण हिशेब कसा मांडायचा ते मात्र सांगता येते, आणि आजच्या लेखात तेवढेच करायचे आहे.

पोटासाठी गाव सोडणे रत्नागिरीकरांना नवीन नाही. आपले आजे-पणजे मुंबईच्या गिरणीत गेले. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस गडी राहत. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. जेवण खाणावळीत, तेही महिन्याच्या बोलीवर. हे सगळे हौसेने होत नव्हते. खोलीचे भाडे वीस जणांत वाटले तरच गावाला मनीऑर्डर जात होती. गिरणीचा पगार किती, हे गावात कुणी फारसे विचारत नसे. पोस्टमन दारात किती रुपये मोजतो, यावर घर चाले. ती माणसे शाळेत फारशी गेली नव्हती, पण पगार आणि शिल्लक यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. त्यांची शिकलेली नातवंडे मात्र जाहिरातीतल्या आकड्याला भुलतात, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

आधी घरचा हिशेब करू. महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना २००० साली सुरू झाली. प्राथमिकच्या सेवकाला तेव्हा महिना ३,००० रुपये मानधन होते. पुढे ते ६,००० झाले आणि कित्येक वर्षे तिथेच अडकले. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. तीन वर्षे सेवक म्हणून काढली की नियमित वेतनश्रेणी मिळते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

समजा एखादी मुलगी परजिल्ह्यातून मंडणगड तालुक्यातल्या वाडीवरच्या शाळेत लागली. खोलीभाडे २,५००, जेवणखाण आणि गॅस ४,५००, एस.टी. किंवा पेट्रोल १,५००, फोन-कपडे-औषधपाणी १,५००, आणि गावी जाण्यायेण्याचा खर्च महिन्यावारी १,००० धरला, तर ११,००० गेले. हाती ५,००० उरले. हेच मुलगी आपल्याच गावाजवळ लागली आणि घरी राहिली, तर भाडे वाचते, जेवणाचा खर्च निम्मा होतो, आणि शिल्लक दहा हजारांच्या आसपास जाते. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या तालुक्यातले तुम्ही घाला. खासगी इंग्रजी शाळेतल्या मुलींना यापेक्षाही कमी मिळते, हे आपल्या घरातच पाहायला मिळते. तेव्हा बाहेर जावेसे वाटणे साहजिक आहे. त्यात लोभ नाही, गरज आहे.

आता आखाताकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीत भारतीय अभ्यासक्रमाच्या पुष्कळ शाळा आहेत आणि तिथे आपल्याकडचे शिक्षक लागतात. तिथला दिर्हम १९९७ पासून अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिर्हम. म्हणजे डॉलर ८५ रुपये असेल तर दिर्हम साधारण २३ रुपयांचा. पगारावर तिथे आयकर नाही. समजा ४,००० दिर्हम पगार ठरला. गुणाकार केला की ९२,००० रुपये होतात आणि घरात सगळ्यांचे डोळे चमकतात. शेजारीपाजारी पेढे मागायला येतात.

पण पोट तिथे रुपयांवर भरत नाही, दिर्हमवरच भरते. चार जणींच्या खोलीत एका खाटेच्या जागेला १,००० दिर्हम, जेवणाला ७००, येण्याजाण्याला २००, फोनला १५०, किरकोळ ३५०, असे २,४०० गेले. उरले १,६००, म्हणजे ३६,८०० रुपये. इथे थांबू नका. उन्हाळ्यात तिकडच्या शाळा जवळजवळ दोन महिने बंद असतात. त्या सुटीचा पगार मिळणार की नाही, हे करारात वाचावे लागते. करार दहा महिन्यांच्या पगाराचा असेल तर वर्षाची शिल्लक १६,००० दिर्हम, म्हणजे ३,६८,००० रुपये. जाण्यायेण्याचे विमानभाडे शाळा देत नसेल आणि ते ३०,००० धरले, तर राहिले ३,३८,०००. बाराने भागा. महिन्याला २८,००० रुपये आले. जाहिरातीतले ९२,००० वाटेत असे गळत गेले.

आता कर्जाचे बघा. एजंटाला द्यायला, दाखल्यांवर शिक्के मारून घ्यायला, पहिल्या महिन्याच्या खर्चाला म्हणून सावकाराकडून १,२०,००० रुपये शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढले, तर दरमहा ३,६०० रुपये नुसते व्याज. २८,००० चे २४,५०० झाले. मुद्दल तसेच उभे आहे.

इतके होऊनही २४,५०० हे ५,००० पेक्षा पुष्कळ जास्त आहेत, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. एकटी मुलगी, तब्येतीने धड, घरी म्हाताऱ्यांना बघायला भाऊ-भावजय आहेत, करार चोख आहे, कर्ज थोडे आहे, तर दोन-तीन वर्षे जाऊन घराचे छप्पर आणि धाकट्याचे शिक्षण उरकून येण्यात शहाणपण आहे. पण हाच पगार घेऊन नवरा-बायको आणि मूल तिकडे राहू लागली, तर हिशेब उलटा फिरतो. सर्वसाधारण नियमाप्रमाणे ४,००० दिर्हम पगारावर, किंवा ३,००० आणि राहण्याची जागा असेल तर, कुटुंबाला बोलावण्याची परवानगी मिळते. परवानगी मिळाली म्हणजे परवडले असे नाही. वेगळ्या खोलीचे भाडे आणि मुलाची फी काढली की रत्नागिरीला पाठवायला काही उरत नाही, उलट इथूनच मागवायची वेळ येते.

आणखी एक खुबी करारातल्या मूळ पगाराची. तिथल्या कायद्याप्रमाणे एक वर्ष पुरे केल्यावर पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. एकूण पगार दोघींचा ४,०००, पण एकीचा मूळ पगार ३,२०० आणि दुसरीचा २,००० लिहिला असेल, तर तीन वर्षांनी पहिलीला ६,७२० दिर्हम मिळतील आणि दुसरीला ४,२००. फरक जवळजवळ ५८,००० रुपयांचा. एका ओळीतला हा फरक सही करण्याआधीच बघायचा असतो. तसेच कामगार नेमण्याचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करू नये, असा तिथला २०२१ चा कायदा सांगतो. तेव्हा 'व्हिसाचे पैसे भरा' असे शाळेच्या नावाने कुणी सांगू लागला, तर आधी कान टवकारा.

आता चीनची गोष्ट. ही जाहिरात सर्वांत गोड असते, म्हणून तिच्याकडे जास्त बारकाईने बघू. चीनचा नियम असा की परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपल्या मातृभाषेचेच अध्यापन करावे, त्याच्याकडे पदवी असावी आणि दोन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव असावा. अध्यापनाची पदवी किंवा मान्य प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सुटू शकते. पण मातृभाषेच्या अटीमुळे इंग्रजीच्या जागा मुख्यत्वे इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या पासपोर्टवाल्यांना मिळतात. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवण्याचा परवाना मिळणे फार कठीण. आपली मुलगी इंग्रजी कितीही फर्डे बोलत असली तरी कचेरीत पासपोर्टाचा रंग आधी बघतात. यात न्याय आहे की नाही हा वाद वेगळा. मात्र गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांना ही भाषेची अट लागत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय शाळांत त्यांचा विचार होऊ शकतो.

मग एजंट काय करतो? तो म्हणतो, आधी पर्यटक म्हणून चला, तिथे गेल्यावर कागद करून देतो. हे ऐकले की उठून घरी यावे. चीनमध्ये कामासाठी 'झेड' प्रकारचा व्हिसा लागतो, आणि त्यावर पोहोचल्यावर ३० दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याशिवाय काम करताना सापडले तर ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, आणि प्रकार गंभीर ठरला तर ५ ते १५ दिवसांची कैदही होते. पुढे मायदेशी रवानगी होऊ शकते. त्यातून जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधने घातली. ज्या शिकवणी-वर्गांत परदेशी मास्तरांची भरती होत असे, त्यांतले कितीतरी बंद पडले. एजंट मात्र जुनेच फोटो दाखवत फिरतात.

समजा सगळे कागद चोख आहेत आणि विज्ञानाच्या शिक्षकाला १२,००० युआन पगार मिळाला. युआन १२ रुपयांचा धरला तर हे १,४४,००० रुपये. तिथे सामाजिक विम्यापोटी पगाराचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे १,२०० युआन कापले जातात. महिना ५,००० युआनपर्यंत आयकर नाही, त्यावरच्या रकमेवर तो लागतो. या पगारावर तो साधारण ३७० युआन पडेल. भाडे ३,०००, जेवण २,०००, वीज-फोन-प्रवास ८००, किरकोळ १,०००. एकूण ८,३७० गेले. उरले ३,६३०, म्हणजे ४३,५०० रुपयांच्या आसपास. शिल्लक वाईट नाही. पण तिथे घर घेताना तीन महिन्यांचे भाडे आगाऊ आणि एका महिन्याचे अनामत म्हणून एकदम देण्याची रीत आहे. ३,००० च्या घराला पहिल्याच दिवशी १२,००० युआन मोजावे लागतात, म्हणजे पहिला अख्खा पगार, आणि तोही हातात पडण्याआधी. ही रक्कम रत्नागिरीतून नेणार कुठून? आईच्या गळ्यातली पोत गहाण टाकून? म्हणून शाळा राहायला जागा देते का, हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाच्याही आधी विचारायचा. जागा मिळाली तर थोड्या पगाराची नोकरीही मोठ्या पगाराच्या नोकरीला मागे टाकते.

परदेशात मोजक्या पैशांत राहण्याचा विषय निघाला की बाबासाहेबांची आठवण होणारच. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोदे सरकारच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांच्या मुदतीने. शिष्यवृत्ती संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. मग १९१८ च्या नोव्हेंबरपासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली. पगार ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती, पण राहणी त्यांनी वाढवली नाही. त्यातून घरखर्च देऊन उरलेले बाजूला टाकले, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे संसार ओढला तो आपल्या दापोली तालुक्यातल्या वणंदच्या माता रमाईंनी. जाणाऱ्याच्या हिशेबात मागे राहणाऱ्याचा हिशेब मिळवल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही, एवढेच यातून आपल्या घरासाठी घ्यावे.

आता कायद्याचे दोन शब्द. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. इतकीच, आणि तिची पावती द्यायलाच हवी. परवाना खरा की खोटा ते सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहता येते. वस्तीतल्या कुठल्याही कॉलेजच्या मुलाला सांगा, पाच मिनिटांत पाहून देईल. मुंबईत यासाठी उत्प्रवासी संरक्षकाची सरकारी कचेरी आहे.

यात एक गोम आहे. जो दहावी झालेला नाही, त्याला आखातासह ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते, आणि त्यासाठी त्याचे कागद तपासले जातात. त्याचा १० लाखांचा विमाही सक्तीने उतरवला जातो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि कर. दहावीच्या पुढे शिकलेल्यांना ही मंजुरी लागत नाही. म्हणजे गवंडीकाम करणाऱ्या भावाचा करार सरकार बघते, आणि बी.एड. झालेल्या बहिणीचा करार तिचा तिलाच बघावा लागतो. शिकलेल्याला फसवणे सोपे जाते ते यामुळेच. २०२२ पासून थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरचे काम म्हणून नेलेल्या कित्येक भारतीय मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये फसवणुकीच्या धंद्यात डांबल्याचे उघड झाले. त्यांतले बरेच जण शिकलेले होते.

शेवटी वयाचा हिशेब. राज्य सरकारच्या नोकरीसाठी वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. तिशीत गेलेली मुलगी 'अजून एक वर्ष, अजून एक वर्ष' करीत दहा-बारा वर्षे तिकडे राहिली, तर परतल्यावर सरकारी शाळेचा दरवाजा बंद झालेला असेल. उलट इकडे ५,००० शिलकीवर तीन वर्षे काढणारीला पुढे नियमित वेतनश्रेणी आहे. पहिल्या तीन वर्षांत परदेश जिंकतो, वीस वर्षांच्या हिशेबात जिल्हा परिषदेची शाळा जिंकू शकते. म्हणून शिक्षक भरतीत नंबर लागायची आशा असेल तर ती सोडून धावू नका. आशा नसेल, किंवा घराची निकड आजची असेल, तर जा. पण मुदत ठरवून जा, आणि पैसे बँकेतूनच पाठवा, म्हणजे कागद हाती राहतो.

ज्या घरात हा विषय चालला आहे त्यांनी एक साधी वही घ्यावी. एका पानावर इथला हिशेब, दुसऱ्यावर तिथला. तिथल्या पानावर पगार त्या देशाच्या चलनात लिहावा, खर्चही त्याच चलनात लिहावा, आणि फक्त शिल्लक रुपयांत करावी. राहण्याची जागा कुणाची, सुटीचा पगार मिळणार का, विमानभाडे कोण देणार, मूळ पगार किती, आजारी पडल्यास दवाखाना कुणाच्या खर्चाने, मध्येच नोकरी सोडावी लागली तर काय भरावे लागेल, या सहा प्रश्नांची उत्तरे करारात लेखी असावीत. तोंडी उत्तर वहीत लिहू नये. कर्जाचे व्याज मात्र न विसरता लिहावे. आणि आई आजारी पडली तर एकदम परत यायला जे तिकीट लागेल, तेवढे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. त्यांना हात लावू नये.

हे पान मुलीने एकटीने लिहू नये. आईने, बापाने, भावाने, सगळ्यांनी बसून लिहावे, कारण गहाण पडणारी पोत आईची असते आणि राबणारे हात मुलीचे. दोन्ही पानांची शिल्लक समोर मांडली की घरातली भांडणे अर्धी मिटतात. मग जो निर्णय होईल तो सगळ्यांचा असेल, आणि जाणारीला निरोप देतानाही कुणाच्या मनात शंका राहणार नाही.

जयभीम.